चेहऱ्याचे अस्थिभंग : कारणे आणि भार

नाक, गाल, जबडा आणि डोळ्यांच्या खोबणी घडवणारी हाडे मोडणे म्हणजे चेहऱ्याचा अस्थिभंग. चेहऱ्याचा सांगाडा चौदा हाडांचा असून त्यांतील खालचा जबडा तेवढा हलतो; बाकीची हाडे एकमेकांत घट्ट सांधलेली असतात. कवटीच्या मानाने यांतली बरीच हाडे पातळ असतात. पण श्वास, दृष्टी, वाचा आणि चर्वण यांचे मार्ग याच भागात एकवटलेले असल्यामुळे येथे बसलेला एकच मार जगण्याच्या अनेक क्रिया एकदम अडवतो.

हाड कोठे मोडेल हे माराची दिशा आणि हाडाची रचना या दोहोंवर ठरते. फ्रेंच शल्यचिकित्सक रने ल फोर यांनी १९०१ साली मृतदेहांवर आघात करून दाखवून दिले की, चेहऱ्याचा मधला भाग वाटेल तसा फुटत नाही, तर तीन ठरावीक रेषांवर फुटतो. त्या रेषा आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. खालच्या जबड्याचीही तीच गत आहे. मूल हनुवटीवर आपटले की जखम हनुवटीला दिसते, परंतु आघात जबड्यातून वर चढून कानापुढच्या सांध्यापाशी हाड मोडू शकतो. अशा वेळी हनुवटीला टाके घालून मूल घरी गेले आणि सांध्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही, तर काही मुलांत तो सांधा हळूहळू हाडाने जखडतो, तोंड बोटभरही उघडेनासे होते, जबड्याची वाढ खुंटून हनुवटी मागे राहते आणि झोपेत श्वास कोंडू लागतो.

जगातील आजारांचा आणि दुखापतींचा भार मोजणाऱ्या ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगभर चेहऱ्याचे सुमारे ७५ लाख नवे अस्थिभंग झाले, आणि त्यांचे सर्वांत मोठे कारण पडणे हे होते. याच अभ्यासात ‘अपंगत्वासह जगलेली वर्षे’ हे एक माप वापरले जाते. मृत्यू न येता व्यंग किंवा वेदना घेऊन काढलेला काळ त्यात धरला जातो, आणि त्या मापाने हा भार सुमारे १ लाख १७ हजार वर्षांचा ठरला. तथापि वाकड्या झालेल्या चेहऱ्यामुळे मोडलेली सोयरीक किंवा हातचे गेलेले काम या मापात पुरते उतरत नाही.

जगाच्या सरासरीत पडणे पहिले असले, तरी आपल्याकडील रुग्णालयांत अशा रुग्णांची मोठी रांग रस्ताच लावतो, आणि त्यांत दुचाकीवरचे तरुण पुरुष अधिक असतात. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांपैकी सुमारे ५० हजार दुचाकीवर हेल्मेटविना होती. जे वाचले, पण ज्यांचे चेहरे मोडले, त्यांची गणती या आकड्यांत नाही. नाशिकचेच उदाहरण घेऊ. या जिल्ह्यातून मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे महामार्ग जातात, आणि हंगामात लासलगाव-पिंपळगावच्या बाजारांकडे कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. मागे लाल दिवा किंवा परावर्तक पट्टी नसलेली ट्रॉली अंधारात दुचाकीस्वाराला ऐनवेळी दिसते आणि धडक थेट तोंडावर बसते.

नाशिक शहरात १५ ऑगस्ट २०२१ पासून पोलिसांनी ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ ही मोहीम राबवली. हेल्मेट डोक्यावर असणे अत्यावश्यकच आहे. परंतु अर्धे हेल्मेट कवटी झाकते आणि जबडा उघडा ठेवते, तर हनुवटीपुढे कडे असलेले पूर्ण हेल्मेट, पट्टा नीट आवळलेला असल्यास, चेहराही वाचवते. चेहऱ्याच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे.

उरलेली मोठी कारणे म्हणजे मद्यपान, मारामारी, उंचावरून पडणे, खेळ आणि घरातील मारहाण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातील सुमारे २९ टक्के विवाहित स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे नोंदले गेले. ‘पायरीवरून पडले’ असे सांगणाऱ्या स्त्रीच्या गालाचे हाड मोडलेले दिसले, तर एकांतात, आपुलकीने विचारपूस करणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

उपचारात पहिला मान श्वासमार्गाला असतो, कारण जबडा मोडलेल्या बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून किंवा रक्त घशात उतरून तो गुदमरू शकतो. जबडा बसवताना दातांची जुळणी हीच खूण धरली जाते: वरखालचे दात पूर्वीसारखे मिळाले की हाडही जागेवर आले असे समजतात, आणि मग ते टायटॅनियमच्या बारीक पट्ट्यांनी व स्क्रूंनी जखडले जाते. मुळासकट निखळलेला कायमचा दात मुळाला हात न लावता दुधात ठेवून तासाभराच्या आत नेल्यास पुष्कळदा पुन्हा रुजवता येतो.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे, आणि जबडा-चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचे शिक्षण देणारी महाविद्यालये त्याच्या छत्राखाली येतात. या महाविद्यालयांनी प्रत्येक रुग्णामागे दुखापतीचे कारण, वेळ, ठिकाण आणि हेल्मेटचा प्रकार एवढ्याच गोष्टी एका सामायिक नोंदवहीत टिपल्या, तर कोणत्या वळणावर दिवे हवेत, कोणत्या ट्रॉल्यांना पट्ट्या हव्यात आणि कोणत्या गावात दारूविरोधी काम वाढवायला हवे, हे पुराव्यानिशी सांगता येईल. शल्यचिकित्सक मोडलेले हाड सांधतो. ते मोडूच नये यासाठी लागणारी माहितीही त्याच्याच टेबलावर असते, आणि ती प्रशासनापर्यंत पोहोचवणे हे त्याच्या कामाचे अंग ठरले पाहिजे.