झीलकरी आणि फणी



कामगार संघटनेचा माणूस बोलायला उभा राहिला की पगार आणि बोनस हेच ऐकावे लागणार, असे आपल्याला वाटले असेल. पण आज मी ध्वनियंत्रावरच्या दोन बटणांविषयी बोलणार आहे. एकाचे नाव कोरस, दुसऱ्याचे फ्लँजर.

शहापुरात वीटभट्टी मजुरांची सभा होती. एक कातकरी बाई आयुष्यात प्रथमच ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिली. उचल किती घेतली आणि हंगामाअखेर किती फिटली, एवढेच तिला सांगायचे होते. पण डोक्यावरून विमान जावे तसा तिचा शब्दन् शब्द सूं-सूं करीत वरखाली होऊ लागला. आकडे कोणालाच कळले नाहीत. बाई गप्प होऊन खाली बसली. आदल्या रात्री मुरबाडकडे हळद होती; तिथे लावलेले फ्लँजरचे बटण मिक्सरवर तसेच राहिले होते. स्पीकरवाला पोरगा म्हणाला, "दादा, कोरस लावायला पाहिजे होता." मी विचारले, "दोहोंत फरक काय?" त्याला सांगता येईना. मलाही ठाऊक नव्हते. मग मी त्या शोधाला लागलो.

आपला पोवाडा आठवा. शाहिरामागे झीलकरी असतात. सूर तोच, शब्द तेच. तरी सगळे अगदी एका क्षणी उच्चारत नाहीत. कोणी तसूभर मागे, कोणी किंचित चढा. या फरकामुळेच आवाज भरदार होतो. यंत्र हेच करू पाहते. ते मूळ आवाजाची नक्कल काढते, ती थोडी उशिरा सोडते आणि हा उशीर सतत कमीजास्त करीत राहते. त्यामुळे नकलेचा सूरही हलतो. आसनगावला न थांबणाऱ्या एक्सप्रेसची शिट्टी येताना चढी आणि जाताना उतरती वाटते, तसा. इथपर्यंत कोरस आणि फ्लँजर सख्खे भाऊ.

पहिला फरक उशिराचा. कोरसमध्ये तो साधारण 15 ते 30 मिलिसेकंद ठेवतात, फ्लँजरमध्ये 1 ते 10. आवाज एका मिलिसेकंदात फूटभर जातो. म्हणजे कोरसचा झीलकरी पंधरा-वीस फूट मागे उभा आहे, आणि फ्लँजरचा तुमच्या खांद्याला चिकटून. तो दुसरा माणूस आहे हे कानाला कळतच नाही. मग होते काय? 1 मिलिसेकंद उशीर असेल, तर सेकंदाला 500 कंपने असलेल्या स्वराची नक्कल बरोबर अर्धी लाट मागे पडते. उंचवट्यावर खळगा येतो आणि स्वर नाहीसा होतो. तसेच 1500 ला, 2500 ला. फणीच्या दातांसारख्या या फटी उशिराबरोबर सरकत राहतात, तोच तो सूं-सूं आवाज. कोरसमध्येही फटी पडतात. पण 20 मिलिसेकंदांना त्या अवघ्या 50-50 कंपनांवर इतक्या दाट येतात की कानाला त्या सुट्या जाणवत नाहीत.

दुसरा फरक फीडबॅकचा, म्हणजे बाहेर पडलेला आवाज पुन्हा यंत्राच्या तोंडी देण्याचा. कोरसमध्ये तो बहुधा शून्य असतो. फ्लँजरमध्ये वाढवला की फणीचे दात धारदार होतात आणि आवाजाला पत्र्यासारखी किणकिण येते.

ही करामत टेपच्या काळातली. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत 1966 साली केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने बीटल्सचा आवाज दुहेरी करण्यासाठी टेपयंत्रे जोडली. फ्लँज म्हणजे रिळाची कड. तिच्यावर बोट दाबले की टेप मागे पडते. पुढे 1976 साली बॉस कंपनीने पायाने दाबायची कोरसची पेटी काढली.

तेव्हा ध्यानात ठेवायचे ते इतकेच. झील धरणारे दोघेच असतील तर कोरस लावा. वेग मंद, डेप्थ थोडी, फीडबॅक शून्य. कीबोर्ड आणि गिटारला फ्लँजर खुशाल लावा, हळदीच्या रात्री तो शोभतोही. पण माणूस आपली हकीकत सांगत असेल, तेव्हा दोन्ही बंद.

पुढच्या सभेला मी भाषणाआधी मिक्सरपाशी गेलो. बाई पुन्हा उभी राहिली. तिने आकडे सांगितले, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसांनी बोटांवर हिशेब मांडला.