जुन्या पात्याचे पाणी
(हीरक महोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



बेंगळुरूतील जुन्या मराठी घरांत माळ्यावर एखादी विळी हमखास सापडते. पाट दुभंगलेला, खवणीचे दाते झिजलेले, पात्यावर तांबूस गंज. शेजारच्या कन्नड घरातली ईळिगे मणेही याच अवस्थेत असते. घर बदलताना ती गुजरीत वजनावर विकली जाते. गंजले ते संपले, असा त्यामागचा समज. आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. पाती गंजाने मरतात त्याहून अधिक घाईच्या दुरुस्तीने मरतात.

या शहराभोवतालची भूमी मुळात पोलादाची. 1800 साली मद्रासहून निघालेल्या फ्रान्सिस बुकाननने म्हैसूर राज्यातल्या आपल्या प्रवासात मागडीच्या परिसरातील पोलादाच्या भट्ट्यांचे वर्णन केले आहे. मातीच्या लहानशा मुशीत लोखंडाचा तुकडा आणि तरवडाच्या काड्या घालून तोंड लिंपायचे व मूस भट्टीत तापवायची. लाकडातला कार्बन लोखंडात उतरून त्याचे पोलाद होई. जवळच्या चन्नपट्टणच्या पोलादी तारांना तंतुवाद्यांसाठी दूरवर मागणी होती. इंग्लंडात या पोलादाला ‘वूट्झ’ म्हणत; कन्नड ‘उक्कु’ या शब्दाचेच ते रूप असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. लंडनचे सुऱ्या-शस्त्रे घडवणारे जेम्स स्टोडार्ट आणि मायकेल फॅरडे यांनी 1820च्या सुमारास त्यावर प्रयोग केले. याच बेंगळुरूत शारदा श्रीनिवासन आणि एस. रंगनाथन यांनी त्याचा इतिहास ग्रंथरूपाने मांडला.

माळ्यावरची विळी वूट्झची नव्हे, हे मात्र आधीच सांगितलेले बरे. ती बहुधा लोहाराने घडवलेली असते, अनेकदा मोटारीच्या जुन्या कमानपट्टीतून. तरीही तिचा गुण त्याच दोन गोष्टींत आहे: कार्बन आणि पाणी. तापवून लाल केलेले पाते एकदम थंड केले की ते कठीण, पण ठिसूळ होते. मग पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा कमी करतात. यालाच मराठीत पात्याला पाणी देणे म्हणतात. ‘पाणीदार’ हा शब्द माणसांना लागण्याआधी तलवारींना लागलेला असावा.

हे पाणी उतरवण्याचे सोपे साधन म्हणजे विजेवर फिरणारे कोरडे चाक. ठिणग्या उडतात, धार क्षणात चकाकते, गिऱ्हाईक खूश होते. पण कडेवर निळसर पट्टा उमटला, की तेथील उष्णता 300 अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचली असे समजावे. तेवढा भाग मऊ पडलेला असतो. आठवड्यात धार जाते आणि दोष विळीच्या माथी येतो. चाकच वापरायचे असेल, तर पाते दर दोन-तीन घासांनंतर पाण्यात बुडवावे.

घरची रीत संथ आहे. पाते रात्रभर रॉकेलमध्ये भिजवावे. रॉकेल आता मिळेनासे झाले आहे, तेव्हा खोबरेल तेल लावून ठेवले तरी चालते. सकाळी नारळाच्या काथ्याने आणि विटेच्या बारीक भुकटीने घासावे. चिवट डागांवर चिंचेचा कोळ काही मिनिटे पुरे. अधिक वेळ ठेवल्यास आम्ल पोलादच खाऊ लागते. लगेच धुऊन, कोरडे करून तेल लावावे.

धारेला खाचा पडल्या असतील, तर आधी कड सपाट घासून त्या नाहीशा कराव्यात आणि मगच नवी धार काढावी. येथे घाई करणारा पुन्हा खाचांपाशीच येतो. विळीचे पाते हलवायचे नसते. पाट पायाखाली घट्ट धरून ओला कुरुंदाचा दगड पात्यावर फिरवायचा, बोटे धारेच्या मागे ठेवून. कोन ठरवायला कंपास नको: काटकोनाचा निम्मा आणि त्याचाही निम्मा, किंवा किंचित कमी. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला नखाला खरखर लागली, की बाजू बदलावी. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाते मागे ओढून ती खरखर काढावी. पिकलेल्या टोमॅटोची साल दाबाविना कापली गेली, तर काम झाले.

काही पाती मात्र वाचत नाहीत. पाटात बसवलेल्या जागी केसासारखी चीर दिसली, तर ते पाते कामातून काढावे. नारळ फोडताना ते तुटले, तर इजा होते.

कांदा-कैरी चिरू लागल्यावर स्वच्छ पाते करडे-काळसर होते. तो थर गंज नव्हे. उलट तांबड्या गंजाला तो काहीसा अडवतो, म्हणून रोज घासून काढू नये. खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, पात्यावर लावलेले ओले हळदकुंकू मात्र दुसऱ्या दिवशी पुसून घ्यावे. अनेक विळ्यांवरचे गंजाचे पहिले ठिपके नेमके त्या बोटांच्या ठशांत सापडतात.