पावसात सायकल: कोरडं नक्की काय ठेवायचं?

जूनमध्ये पुण्यात पहिला दणकून पाऊस झाला की आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये सायकली एकदम कमी होतात. मग लिफ्टमध्ये मला हमखास प्रश्न येतो, "अरे, भिजत नाहीस का तू?"

भिजतो ना! पहिल्या पावसाळ्यात मी जाड रेनकोट घालून कोथरूडहून बाणेरला जायचो. चांदणी चौकाचा चढ संपेपर्यंत आतला शर्ट पिळून काढावा असा व्हायचा, आणि तोही घामाने. घामाची वाफ प्लॅस्टिकमधून बाहेर पडतच नाही. महागातलं 'श्वास घेणारं' जॅकेटही घेतलं. पण जुलैत बाहेरच्या हवेतच इतका दमटपणा, की आतली वाफ बाहेर जाणार कशी? म्हणून आता अंगावर साधा पातळ विंडचीटर, हाफ पँट आणि सँडल. भिजायचं ते भिजू दे. ऑफिसचे कपडे बॅगेत.

खरा धडा बॅगेनेच दिला. तिला रेन कव्हर होतं, म्हणून मी निर्धास्त. पण कव्हर पाठीकडच्या बाजूला नसतंच! मानेवरून ओघळलेलं पाणी पाठ आणि बॅगेच्या मधून आत झिरपलं आणि कंपनीचा लॅपटॉप गेला. सोबत माझा दोन दिवसांचा पुश न केलेला कोडही. मॅनेजरला ते सांगताना माझं काय झालं ते विचारू नका. तेव्हापासून लॅपटॉप जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंडाला तीन घड्या, वर रबरबँड. कपड्यांची पिशवी वेगळी. कव्हर असतं, पण त्याच्यावर भरवसा नाही.

मडगार्ड मात्र पूर्ण लांबीचंच लावा. वरून पडणारं पाणी तरी स्वच्छ असतं. चाकाने उडवलेला चिखल पाठीवर पट्टा मारतो, चेनमध्ये वाळू घालतो. पुढच्या मडगार्डला खाली रबरी झडप जोडली की पायही वाचतात.

आणि ब्रेक. रिमवर दाबणारे ब्रेक ओले झाले की पहिल्या एक-दोन फेऱ्यांत फक्त पाणी पुसतात, सायकल थांबतच नाही. त्यामुळे सिग्नलच्या बरंच आधीपासून हलकेच दाबत यायचं. झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणि ड्रेनेजच्या लोखंडी झाकणांवर तर वळायचंही नाही आणि ब्रेकही मारायचा नाही. माझ्या कोपरावरची खूण त्याच झाकणाची आहे.

ऑफिसला दहा मिनिटं आधी पोचा, टॉवेल डेस्कच्या ड्रॉवरमध्येच ठेवा. बूट भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, संध्याकाळपर्यंत बरेच सुकतात. आणि ओले मोजे खुर्चीवर वाळत घालण्याआधी शेजारच्याला विचारा. मी विचारलं नव्हतं.