शॉकअप बदलायच्या आधी टेप घ्या

हल्ली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "मागचे शॉकअप लांब टाकू का? हँडल बदलू का?" आज त्यावरच बोलू. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, मेकॅनिक नाही. पण गाव हट्टा, तालुका वसमत. आमच्याकडे मोटारसायकल हाच टेम्पो आणि रात्री-अपरात्री हीच ॲम्ब्युलन्स.

उदाहरण घरचंच घेतो. माझा मावसभाऊ दूध घालतो. शंभर सीसीची गाडी, मागे कॅरिअरला दोन मोठे कॅन, भरले की ८० किलोच्या वर. परवा त्याचा फोन आला, "दादा, पन्नासच्या पुढं गेलं की गाडी डुलायलीय. गॅरेजवाला म्हणायलाय, दोन इंच लांब शॉकअप टाक अन् कोन सेट आवळून घे. टाकू का?"

आता रस्ताही बघा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचं डांबर कितीही नवं असो, खालून लाटा येतातच. त्यामुळे "गाडी उंच पाहिजे" हे वाटणं काही चुकीचं नाही. फक्त उंच केल्यावर पुढे काय होतं, ते कुणी सांगत नाही.

इथे व्हिडिओ नाही, तर डोळ्यासमोर आणा. ऑफिसच्या खुर्चीचं चाक. ते कायम दांड्याच्या मागे मागे येतं, म्हणून सरळ चालतं. मोटारसायकलचं पुढचं चाक तसंच. हँडल ज्या तिरक्या नळीत फिरतं, तिची रेघ जमिनीपर्यंत ओढा. ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे लागते. हे मधलं अंतर म्हणजे ट्रेल. साध्या गाड्यांत ते ८-१० सेंटिमीटरच्या आसपास असतं, आणि गाडी सरळ राहते ती बरीचशी त्याच्या जिवावर.

आता मागून दोन इंच उचला. व्हीलबेस साधारण सव्वा मीटर, म्हणजे सगळी गाडी पुढे सुमारे २ अंश झुकली. ती नळी तेवढी उभी झाली आणि ट्रेल सेंटिमीटरभर कमी झाला. कागदावर मी हे गणित दोनदा केलं. दहातला एक सेंटिमीटर म्हणजे किरकोळ नाही. दूध घालून रिकामे कॅन घेऊन परत येताना हीच गाडी हँडलला चळवळी लागणार. शिवाय डबल स्टँडवर लावली तर मागचं चाक जमिनीला टेकलेलंच राहणार, आणि साइड स्टँडवर गाडी जास्तच कलणार.

गंमत म्हणजे भरलेल्या गाडीचा त्रास उलटा आहे. कॅन मागच्या एक्सलच्याही मागे लटकलेत. त्यामुळे मागचं दबतं, पुढचं हलकं होतं. ते डुलणं तिथून येतंय.

म्हणून त्याला म्हणलं, आधी पैसे नको, टेप घे. डबल स्टँडवर चाक हवेत असताना एक्सलपासून वर सीटखालच्या एका खुणेपर्यंत माप घे. मग गाडी खाली घेऊन तू बस आणि दुसऱ्याला मोजायला लाव. जेवढा फरक, तेवढं शॉकअप बसलं. एकूण हालचालीच्या पाव ते तिसरा हिस्सा बसलं तर ठीक. मग हेच कॅन भरून मोज. स्प्लेंडरसारख्या गाडीत मागच्या शॉकअपला ५ खाचांचं ॲडजस्टमेंट असतं, पान्याने फिरतं, फुकट असतं. एक लक्षात ठेवा, त्याने स्प्रिंग कडक होत नाही, स्प्रिंग तीच. गाडी फक्त थोडी वर बसते. पण ओझ्यासाठी नेमकं तेच पाहिजे, आणि ओझं उतरलं की परत खाली घेता येतं. लांब शॉकअपला ही सोय नाही.

दुसरं, कोन सेट. पुढचं चाक उचलून हँडल अगदी हळू इकडून तिकडे फिरवायचं. मधोमध खटकन अडकलं तर बॉल रेस खड्डा पडून गेलीय. ती आवळून बरी होत नाही, बदलावीच लागते. नुसती आवळली तर हँडल जड होतं आणि गाडी स्वतःला सावरूच शकत नाही, हळू चालवतानाही नागमोडी जाते. तिसरं, मागचं चाक धरून आडवं हलवायचं. लचकलं तर चिमट्याचे बुश गेले.

भावाच्या गाडीत हँडल मधे अडकत होतं आणि चिमटा लचकत होता. दोन्ही नवं टाकलं, कॅन पुढे सरकवून एक्सलच्या वर आणले, मागची खाच दोनने वाढवली. डुलणं गेलं. लाटांवर आपटते अजून, ते मान्य. त्यासाठी हवं तर कंपनीच्याच लांबीचे, जास्त वजनाचे शॉकअप घ्यावेत. लांबी डोळ्यापासून डोळ्यापर्यंत मोजून घ्या, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका.

रुंद हँडलचं थोडक्यात. त्याने ट्रेल बदलत नाही, ताकद कमी लागते. पण पूर्ण वळवून बघा, क्लचची केबल ताणली जात असेल तर नको.

आणि चिमटा कापून लांब करणाऱ्यांसाठी. व्हीलबेस बदलतो, आणि तो आरसीत नोंदलेला असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ याच्या आड येतं, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दंड आला प्रत्येक बदलाला ५,००० रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीला क्लेम नाकारायला निमित्त मिळतं ते वेगळंच.

तुमच्या गाडीची मापं घेतलीत तर पाठवा: रिकामी, एकट्याने बसून, आणि ओझं लादून. तीनही. पुढच्या भागात पुढच्या फोर्कचं ऑइल.