घरातील ओल आणि तिचे माप



या मालेत काल आपण वेदान्तावर व्याख्यान ऐकलेत, परवा राज्यघटनेवर ऐकलेत, आणि आज आम्ही घरातली ओल हा विषय घेऊन आपल्यापुढे उभे आहोत. विषयाची ही उतरंड पाहून कोणास हसू आले तर आम्ही रागावणार नाही. तथापि वेदान्ताच्या पोथीलाही बुरशी लागतेच, आणि ती लागू नये यासाठी काय करावे हे वेदान्त सांगत नाही.

वैशाख सरत आला आहे. थोड्याच दिवसांत मृग लागेल, आणि आपल्या या किनाऱ्यावर चार महिने कपाटे, गाद्या आणि पुस्तके यांना कुबट वास येऊ लागेल. त्यावर उपाय म्हणून अलीकडे डीह्युमिडिफायर नावाचे यंत्र पुष्कळ घरांत येऊ लागले आहे. नाव जिभेला जड आहे. आपण त्याला ओलशोषक म्हणू. हे यंत्र घ्यावे तर केवढे घ्यावे, एवढाच आजचा प्रश्न आहे. हा प्रश्न आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, नुकसान सोसून शिकलो.

आमच्या मातोश्रींच्या हातची ओव्यांची एक वही आमच्या कपाटात होती. एका श्रावणात ती उघडली तेव्हा मधली पाने एकमेकांना चिकटलेली, शाई पसरलेली आणि कडेला हिरवट बुरशी. जी पाने सुटली ती वाचली. जी सुटली नाहीत त्यांतल्या ओव्या आता कोणालाच येत नाहीत. त्या दिवशी आम्ही यंत्र घ्यायचे ठरवले आणि घाईत चुकलो.

दुकानात एक टीचभर पेटी होती. तिच्यावर ‘२०० चौरस फुटांच्या खोलीसाठी’ असे लिहिले होते. आमची खोली १२० चौरस फुटांची, म्हणजे सोयच झाली! रात्रभर पेटी चालवली. सकाळी तिच्यात अर्धा कप पाणी. पुढे कळले की, या पेटीत कॉम्प्रेसर नसतो. विजेने गार होणारी एक लहानशी चकती असते. ती एखाद्या बंद कपाटापुरती बरी. खोलीचे काम तिला झेपत नाही. मग आम्ही मोठे यंत्र आणले आणि ‘हवा खेळती हवी’ या जुन्या शिकवणीप्रमाणे खिडकी उघडी ठेवून लावले. टाकी भरे, आम्ही ओतू, पुन्हा भरे. आणि आर्द्रतेचा काटा मात्र ८४ वरून हलेना. आमच्या लक्षातच आले नाही की, आम्ही अरबी समुद्राची वाफ उपसायला बसलो होतो.

आता या दोन्ही चुकांचे मूळ पाहू. हवेत वाफ किती मावते हे तिच्या उष्णतेवर अवलंबून असते. २८ अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत सुमारे २७ ग्रॅम वाफ मावते. त्यापैकी प्रत्यक्ष किती आहे याचे शेकडा प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता. भर पावसाळ्यात आपल्याकडे ती ८५-९० टक्क्यांवर जाते. ७० टक्क्यांच्या वर ती दीर्घकाळ राहिली की बुरशी फोफावते; ६० च्या खाली ठेवली की माणसाला, पुस्तकाला आणि लाकडाला बरे असते. दमेकऱ्याच्या घरात तर याला महत्त्व आहे.

म्हणून पहिली खरेदी यंत्राची नव्हे, आर्द्रतामापकाची करावी. तो खरा की खोटा हे घरीच पाहता येते. वाटीत मीठ घ्यावे, ते चिखलासारखे होईल इतपतच पाण्याने भिजवावे, आणि वाटी व मापक दोन्ही एका घट्ट झाकणाच्या बरणीत रात्रभर ठेवावीत. सकाळी काटा ७५ टक्के दाखवील. त्याने ८० दाखवले तर तो ५ अधिक सांगतो असे समजावे.

आता थोडे गणित, शाळेतल्यापेक्षा सोपे. १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीत ३४ घनमीटर हवा असते. ९० टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर यायचे तर प्रत्येक घनमीटरातून साडेनऊ ग्रॅम पाणी काढावे लागते. म्हणजे सगळ्या खोलीतून सुमारे ३२० ग्रॅम. अवघे दीड पेला पाणी! मग दहा-वीस लिटरांची यंत्रे कशासाठी?

याचे उत्तर दारे-खिडक्यांच्या फटींत आहे. खोली बंद केली तरी हवा झिरपतच असते. दर तासाला निम्मी हवा बदलली असे धरले, तर दिवसाकाठी जवळजवळ ४ लिटर पाणी आत येते. फटी मोठ्या असल्या आणि हवा तासात दोनदा बदलली, तर तेच १५ लिटरांहून अधिक होते. खोली तीच, चौरस फूट तेच, आणि पाणी चौपट! ओलशोषकाचे माप खोलीच्या क्षेत्रफळावरून ठरत नाही. त्या खोलीत रोज किती पाणी शिरते यावरून ठरते. आजच्या व्याख्यानातले एवढे एकच वाक्य आपण घरी नेलेत तरी आमचे काम झाले.

हे पाणी आणखी कोठून येते? झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि अंगातून तासाला ४०-५० ग्रॅम. दोघांचे रात्रीत पाऊण लिटरभर. धुतलेले कपडे खोलीत वाळत घातले की एका पिळ्याचे दोनेक लिटर. स्वयंपाकाचा गॅस जळताना स्वतःच पाणी तयार करतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत त्यातून सुमारे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून स्वयंपाकघराचा पंखा हवा बाहेर फेकणारा असावा.

आणि भिंत? तिची परीक्षा अशी: ओल्या दिसणाऱ्या जागी फूटभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. थेंब कागदाच्या आतल्या अंगास आले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या अंगास आले तर ती खोलीच्या हवेतली आहे. भिंत पाझरत असेल तर आधी गवंडी बोलवावा. गळक्या भिंतीपुढे यंत्र लावणे म्हणजे फुटक्या हौदात पाणी भरणे.

आता यंत्राकडे वळू. त्यात एक गार नळी असते; पंख्याने ओढलेली हवा तिच्यावरून गेली की, थंड तांब्यावर दव जमावे तसे पाणी सुटते आणि टाकीत पडते. यंत्रावर ‘दिवसाला १२ लिटर’ असे लिहिलेले असते. पण तो आकडा कोणत्या हवेतला? बहुधा ३० अंश उष्णता आणि ८० टक्के आर्द्रता असताना मोजलेला. खोली ५५-६० टक्क्यांवर आली की तेच यंत्र साधारण निम्मे पाणी काढते. यात कोणी लबाडी करतो असे नाही. सुकलेले वस्त्र पिळले तर पाणी कमीच निघणार. अमेरिकेत २०१९ साली मोजण्याची हवा अधिक थंड ठरवली गेली, तेव्हा पूर्वी ७० पाइंटांचे म्हणून विकले जाणारे यंत्र ५० पाइंटांचे झाले. यंत्र तेच, बदलले ते माप. म्हणून दुकानदारास विचारावे: हा आकडा किती अंशांवरचा आणि किती टक्क्यांवरचा?

सारे एकत्र करू. आमच्या खोलीत, फटी बुजवल्यावर, हवेतून ४ लिटर आणि दोघांच्या श्वासाचे पाऊण लिटर, म्हणजे पावणेपाच. निम्म्या हिशेबाने यंत्र १० ते १२ लिटरांचे हवे. कपडे त्याच खोलीत वाळवायचे तर १४ लिटरांच्या पुढचे. दोन मापांत घुटमळलात तर मोठे घ्यावे. लहान यंत्र अहोरात्र राबून थकते, मोठे काम उरकून थांबते. मात्र त्यात ठरावीक टक्क्यांवर आपोआप बंद होण्याची सोय असावी, आणि टाकीऐवजी मोरीत नळी सोडता यावी.

दोन इशारे द्यायचे राहिले. हे यंत्र खोली थंड करीत नाही, उलट दोन-तीन अंश तापवते. म्हणून माणसे नसताना दिवसा चालवावे आणि रात्री ताज्या हवेला वाट द्यावी. दुसरे, १२ लिटरांच्या यंत्राला साधारण २०० ते २५० वॉट वीज लागते. दहा तासांस दोन-अडीच युनिटे. एवढा खर्च अख्ख्या घरासाठी करू नये. पुस्तकांची, कपाटांची किंवा आजारी माणसाची एकच खोली निवडावी. पहिले काही दिवस काटा लवकर उतरला नाही तर निराश होऊ नये. गाद्या, लाकूड आणि कागद यांनी साठवलेले पाणी हळूहळू सुटते.

आपल्या जुन्या घरांत हे यंत्र नव्हते, पण चूल होती. ती दिवसभर धुमसे, माळ्यावरच्या वस्तू सुक्या ठेवी आणि कौलांच्या फटींतून वाफ वर नेई. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी त्याची किंमत मोजली, म्हणून ती गेली याचे दुःख आम्ही करीत नाही. पण ती करीत असलेले काम आता कोणी तरी करावयास हवे, आणि ते मोजूनमापून करावयास हवे.

आमच्या कपाटाच्या खोलीतला काटा गेल्या पावसाळ्यात ५८ च्या वर गेला नाही. वहीतली उरलेली पाने तेथेच आहेत. चिकटलेली पाने अजून तशीच आहेत. आम्ही ती ओढून पाहिलेली नाहीत. आपल्याही घरी अशी एखादी वही असेल. पाऊस पडण्यापूर्वी ती एकदा उघडून पाहा, एवढीच विनंती.