हरलेला डाव पुन्हा मांडताना

(शताब्दी महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



शतकोत्तर वाटचाल करणाऱ्या या संस्थेने मला बोलावले, याबद्दल मी ऋणी आहे. ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून बुद्धिबळाविषयी, त्यातही संगणकाविषयी बोलणे काहींना विसंगत वाटेल. परंतु आज मी ज्या डावाविषयी बोलणार आहे, तो एका वहीमुळे टिकला. वह्या-पुस्तके जपणाऱ्यांपुढे तो मांडणे मला उचित वाटते.

माझे बालपण उत्तर कन्नड जिल्ह्यातील सुपा येथे गेले. पुढे काळी नदीवर धरण झाले आणि जुने सुपा पाण्याखाली गेले. माणसे रामनगरला आणि आणखी कुठे कुठे विखुरली. तालुकाही आता जोयडा या नावाने ओळखला जातो. घर सोडताना वडिलांनी भांड्याकुंड्यांबरोबर एक वही घेतली होती. पावसाळ्याच्या लांबलचक संध्याकाळी आम्ही बापलेक ओसरीवर जे डाव खेळत असू, त्यांच्या चाली तीत टिपलेल्या होत्या.

त्यातील एक डाव माझ्या मनात सलत राहिला. मी सोळा वर्षांचा होतो. वडिलांकडे पांढरी मोहरी होती. शेवटी पटावर दोन राजे, दोन हत्ती आणि वडिलांचे एक प्यादे, एवढेच उरले. प्यादे डावीकडून पाचव्या स्तंभात, पाचव्या ओळीवर होते आणि माझा राजा त्याच स्तंभाच्या टोकाला, आठव्या ओळीवर त्याची वाट अडवून उभा होता. माझा हत्ती सहाव्या ओळीवर पहारा देत होता. त्यामुळे पांढऱ्या राजाला पुढे येता येत नव्हते. हा बचाव अठराव्या शतकातील फ्रेंच खेळाडू फिलिडॉर याच्या नावाने ओळखला जातो. प्यादे सहाव्या ओळीवर येईपर्यंत हत्तीने पहारा सोडायचा नाही. ते आले की मागे जाऊन शह देत राहायचे. मी उतावीळ झालो आणि प्यादे हलण्याआधीच हत्ती पहिल्या ओळीवर नेला. वडिलांचा राजा लगेच सहाव्या ओळीवर माझ्या राजासमोर ठाकला. मात टाळण्यासाठी मी राजा डावीकडे सरकवला आणि थोड्याच वेळात हरलो. वडिलांनी समासात लिहिले, ‘हत्ती हलवला, डाव गेला.’ ते वाक्य मी आयुष्यभर खरे मानले.

वडील गेल्यानंतर काही वर्षांनी नातवाच्या संगणकावर मी ती स्थिती मांडली. आज ‘स्टॉकफिश’सारखा २००८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला बलाढ्य कार्यक्रम कोणालाही विनामूल्य मिळतो. तो प्रत्येक स्थितीचे मोल आकड्यात सांगतो. साधारण एका प्याद्याएवढे वर्चस्व म्हणजे एक. मोहरी थोडी उरली की अंदाजाचीही गरज राहत नाही. दोन्ही राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींचे निर्णय कोष्टकांत आधीच गणून ठेवलेले आहेत. माझ्या स्थितीत तर पाचच मोहरी होती.

कोष्टकाने सांगितले, की हत्ती हलवल्यानंतरही डाव बरोबरीचा होता! डाव गेला तो पुढच्या चालीने. राजा डावीकडे न नेता उजवीकडे न्यायला हवा होता.

आता पाहा, यंत्राने निर्णय दिला, कारण दिले नाही. ते मला पट पुढ्यात घेऊन शोधावे लागले. प्याद्याच्या उजवीकडे तीन स्तंभ उरतात, डावीकडे चार. राजा अरुंद बाजूला गेला, तर रुंद बाजू हत्तीला मोकळी राहते आणि तो दुरून आडवे शह देऊ शकतो. मी राजा रुंद बाजूला नेला आणि हत्तीला पुरेसे अंतरच उरले नाही. पन्नासेक वर्षे मी भलत्याच चालीला दोष देत होतो. पहिली चूक झाल्याबरोबर सर्वस्व गेले असे मानून दुसरी चाल मी नीट पाहिलीच नाही; खरी चूक तेथे होती.

हे थोरामोठ्यांच्या बाबतीतही घडते. मे १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकाविरुद्धच्या सामन्यातील दुसऱ्या डावात विश्वविजेत्या कास्पारोव्हने हार पत्करली. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांनी त्याला दाखवले, की वजिराने शह देत राहून बरोबरीसाठी झगडण्याची वाट तेथे होती. तो सामना त्याने अडीच विरुद्ध साडेतीन गुणांनी गमावला.

जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा घरी बसलेल्या प्रेक्षकांना पडद्यावर प्रत्येक चालीचे मोल दिसत होते. पटावरच्या दोघींपुढे मात्र पट आणि घड्याळ यांखेरीज काही नव्हते. आकडा पाहून ‘ही चाल कशी सुचली नाही?’ असे म्हणणे सोपे असते.

म्हणून तरुण खेळाडूंना माझी विनंती आहे. डाव संपला की यंत्र उघडू नका. आधी वहीत लिहा, कोणत्या चालीला मनात काय होते, भीती कशाची वाटली, कोठे आशा सोडली. मग यंत्राला विचारा. दोघांचे जेथे जुळत नाही, तेथे थांबा. यंत्राची चाल नुसती मान्य करू नका. आपलीच चाल त्याच्याविरुद्ध खेळून पाहा आणि ती कशी कोसळते ते अनुभवा. हे न करता उत्तर वाचणे म्हणजे गणिताच्या पुस्तकाची शेवटची पाने पाठ करणे होय.

वडिलांना हे सांगायला हवे होते. ते हसले असते आणि पट पुन्हा मांडायला लावला असता. त्यांचा शेरा मी खोडलेला नाही. त्याखाली माझ्या अक्षरात एवढेच लिहिले आहे, ‘अजून बरोबरी होती.’ ती वही आज मी या ग्रंथालयाच्या स्वाधीन करतो आहे. आपण ती स्वीकारावी, ही विनंती.