पाठ असलेले औषध

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या हळदीकुंकू समारंभातील भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. शिक्षणही सातवीपर्यंतच. पण चिटणीसबाईंनी आग्रह धरला की, “तुमच्या घरी घडले ते चारचौघींना सांगा.” म्हणून उभी राहिले आहे. चुकलेमाकले सांभाळून घ्या.

आता घरोघरी मोबाईल आला आहे. माझ्याही हाती आहे. पण तो माझ्या ताब्यात की मी त्याच्या, हे अजून ठरलेले नाही! घाईच्या वेळी नेमकी त्याची बॅटरी उतरते. मध्येच ‘जागा भरली’ म्हणून अडून बसतो. इतकी वर्षे संसार केला, पण फडताळ भरले म्हणून मिठाचा डबा कधी रुसला नाही.

गेल्या पावसाळ्यात माझी लेक दीड वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी आली होती. एके रात्री पोराला जुलाब सुरू झाले. मीठ-साखरेच्या पाण्याचे प्रमाण लेकीने डॉक्टरांना विचारून मोबाईलमध्ये लिहून ठेवले होते. ते काढायला गेलो, तर पडद्यावर चाक गरगर फिरू लागले. काही केल्या थांबेना. इकडे पोर मलूल होत चाललेले. शेवटी मी अंदाजानेच तांब्याभर पाण्यात मोठा चमचाभर मीठ आणि चिमूटभर साखर घातली.

वाटी पोराच्या ओठांशी नेली, तोच सासूबाई म्हणाल्या, “अगं, आधी आपण चाखावं. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं, तर लेकराला देऊ नये.”

चाखले मात्र, आणि माझे तोंड वाकडे झाले! ते पाणी मोरीत ओतले. लहान मुलाच्या पोटात इतके मीठ जाणे जिवावर बेतू शकते, हे मला सकाळी डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा माझे हातपाय गार पडले.

थोड्या वेळाने मोबाईल चालू झाला, तर आधी कोणी धाडलेला निरोप समोर आला : ‘जुलाबात पाणी बंद करा.’ हे तर साफ चुकीचे! अंगातले पाणी आणि क्षार निघून जातात, म्हणूनच तर मूल हातचे जाते. निरोपाखाली खरे प्रमाण सापडले, ते आता ऐका.

उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. घोट घोट, पुन्हा पुन्हा पाजावे. चोवीस तासांनी उरलेले टाकून द्यावे. अंगावरचे दूध बंद करू नये. औषधी पाकीट मिळाले तर उत्तमच. मात्र त्यावर लिहिले असेल तितकेच पाणी घ्यावे.

हा उपाय साधा म्हणून हलका समजू नका. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच पाणी तोंडाने पाजून असंख्य जीव वाचवले. साखरेच्या सोबतीने आतडे मीठ आणि पाणी शोषून घेते, एवढेच त्यातले मर्म.

पण घरच्या उपायाला मर्यादा असते. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी होईना, सारखी उलटी होऊ लागली किंवा शौचातून रक्त पडले, तर वाटी खाली ठेवून तडक डॉक्टरांकडे धावावे. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला गुटीत मध उगाळून देण्याची जुनी चाल आपण सोडून द्यावी. तो त्याला बाधू शकतो.

आमचा नातू बरा झाला. ते प्रमाण मी वहीच्या कागदावर ठळक लिहून स्वयंपाकघरातील कपाटाच्या दारावर आतून चिकटवले आहे. त्याला बॅटरी लागत नाही! तुम्हीही आज घरी गेल्यावर एवढे करा, आणि सुनालेकींकडून ते पाठ करून घ्या.